ऋषीचा पहारा

मुलं बिघडू नयेत असं वाटत असेल तर त्यांना कशात तरी गुंतवून ठेवा, असं अकरावीच्या पालकसभेत एक बाई माईकवरून सांगून गेल्या. मी पहिल्याच रांगेत बसून माना डोलावत होते. मला ते इतकं पटलं, की घरी पोचेपर्यंत मी आमच्या ऋषीला मनातल्या मनात चार ठिकाणी अडकवून मोकळी झाले होते.

आता आमच्या बोरी बुद्रुकमध्ये अडकवायला जागा तरी किती असणार? कराट्याचा क्लास आळेफाट्याला होता, तो महिनाभर चालला आणि मग सरच लग्न करून पुण्याला गेले. तबल्याला बसवलं तर त्याने आठवड्यात तबला सोडून डब्यावर ताल धरला. राहिलं क्रिकेट. गावाचा टेनिस बॉलचा संघ होता, जर्सीवर जेसीबीवाल्या शेठचा फोटो होता, आणि कॅप्टन होता मोहित. मोहित आमच्या शेजारच्या मळ्यातला, पंचविशीचा, चाकणच्या कंपनीत जाऊन परत आलेला. पोरं त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. मी त्याला घरी बोलावून चहा पाजला आणि म्हटलं, "बाबा, याला तुझ्या संघात घे. मैदानात असला म्हणजे निदान पानटपरीवर तरी नसेल."

मोहित हसला. का हसला ते मला पुढे कळलं.

खोटं कशाला बोलू, ऋषीचा पहिला चेंडू मी पाहिला तेव्हा माझा श्वास अडकला होता. घरात पाण्याचा हंडा उचल म्हटलं तर कण्हणारं हे पोरगं, मैदानात धावत आलं आणि त्याच्या हातातून काय निघालं ते मला दिसलंच नाही. समोरची दांडी उडालेली तेवढी दिसली. मी नऊ महिने पोटात वागवलेलं हे आणि याच्यात हे कुठून आलं, असं वाटून मी बांधावर नुसती बघत राहिले.

मग एके दिवशी त्याची जर्सी धुवायला घेतली आणि तिला सिगारेटचा वास आला.

मी जर्सी तशीच बादलीत सोडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "मी नाय ओढत, आई. पोरं ओढतात. मी बाजूला बसतो."

"आणि बाजूला बसून काय मोजत असतोस, धूर?"

सोळा वर्षांच्या पोराच्या गप्प बसण्यातून काय काढायचं ते काढा. मी निम्मा विश्वास ठेवला आणि निम्मा उशाशी घेऊन झोपले.

पुढे डेअरीवर दूध घालायला गेले तेव्हा मोहित फोनवर बोलताना कानावर आलं, "फायनल मारली की ऋषीचं उद्घाटन करायचं. शेठनं सांगितलंय, माल त्यांच्याकडून." उद्घाटन म्हणजे काय ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. संघ जिंकला की पोरं कप घेऊन कुकडीच्या काठी जातात, जिथे कुठकुठले शास्त्रज्ञ येऊन जुन्या ज्वालामुखीची राख पिशव्यांत भरून नेतात त्या दरडीच्या खाली. तिथे कप बियरने भरायचा आणि संघात जो नवा असेल त्याने पहिला तोंडाला लावायचा. बाकीच्यांनी शिट्ट्या मारायच्या. त्याशिवाय तो संघातला नाही.

रात्री मी ऋषीच्या पप्पांना, दादाभाऊंना हे सांगितलं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची पिकअप खाली करून आले होते, जेवत होते. म्हणाले, "अगं, एक घोट. त्यानं काय व्हतंय? आमी न्हाई का केलं?"

"तुमी केलं म्हणून तर सांगतेय," मी म्हटलं, आणि भाकरी त्यांच्या ताटात जरा जोरातच टाकली. रोज पिणारे नाहीत ते, पण लग्न, हळद, मिरवणूक, मॅच असं काही असलं की नाही म्हणणारेही नाहीत. आमच्याकडे याला पिणं म्हणत नाहीत, चारचौघांत बसणं म्हणतात.

तर माझं गणित साफ चुकलं होतं. पानटपरीवर पोरगं चोरून गेलं असतं, एकटं गेलं असतं, आणि आठ दिवसांत कुणीतरी मला येऊन सांगितलं असतं. इथे मीच त्याला चहा पाजून पोचवलं होतं, आणि आता अख्खा संघ टाळ्या वाजवून त्याला पाजणार होता. नको जाऊस म्हणावं तर तो चोरून जाईल आणि शिवाय माझ्याशी बोलायचा बंद होईल. जा म्हणावं तर कुठल्या तोंडाने म्हणू?

अशात हनुमान जयंतीचा सप्ताह आला.

सप्ताह म्हणजे मारुतीपुढच्या मंडपात सात दिवस अखंड नाम, आणि त्या नामाचा कणा म्हणजे वीणा. पहिल्या दिवशी ती एकाच्या गळ्यात पडते, आणि सात दिवस, रात्र असो की भरदुपार, ती खाली टेकत नाही. एकाने उभं राहून आपला पहारा करायचा, पुढचा आला की दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, आणि याच्या गळ्यातली वीणा त्याच्या गळ्यात. वीणा टेकली की सप्ताह मोडला. आमच्या गावचा अजून मोडलेला नाही. माझे सासरे सांगायचे, एका साली वादळात मंडप उडून ओढ्यात गेला, पण वीणेकरी भिजत उभाच होता.

पहारे वाटून देतात भगवंतनाना. सत्तरी ओलांडलेला, कडक, पांढऱ्या फेट्याचा माणूस. त्यांनाही बहुतेक त्याच पालकसभेचं वारं लागलं असावं, कारण यंदा त्यांनी जाहीर केलं की एक दुपार पुरी क्रिकेटच्या पोरांना द्यायची. "पोरांवर जबाबदारी टाका, मंग बगा," म्हणाले. आणि लाउडस्पीकरवरून नियमही सांगितला, "ज्याला वीणा घ्यायचीय त्यानं त्या दिवशी सकाळपास्नं तोंडात काय बी घातलेलं नसावं. दारू नको, शिगरेट नको, गुटखा नको, तंबाकू बी नको. ज्यानं घेतलंय त्यानं हात लावू नये. येवढंच."

नाना स्वतः दिवसभर तंबाखू चघळतात. पण त्यांचा पहारा पहाटेचा असतो, पहिला बार भरायच्या आधीचा, त्यामुळे त्यांना नियम अडत नाही. नियम करणाऱ्याला तो अडू नये याची सोय आमच्याकडे आधीच झालेली असते.

पोरांची दुपार ठरली, आणि नेमकी फायनल त्याच दिवशी येऊन आदळली. ती खरं तर आधी होती. पण समोरचा संघ होता आंबेगाव तालुक्यातल्या शिनोलीचा, आणि त्यांच्या विकेटकीपरची हळद निघाली. मॅच पुढे ढकलली. पोरं नानांना म्हणाली, सकाळी मॅच उरकतो आणि दुपारी पहाऱ्याला हजर होतो. नानांनी विश्वास टाकला आणि गावातल्या झाडून सगळ्या माळकऱ्यांना टेम्पोत घालून संगमनेरकडच्या एका सप्ताहाच्या काल्याला निघून गेले. "सांजच्या भजनाला हाय मी," एवढं सांगून.

पोरांतला पहिला पहारा ऋषीचा होता, त्यानंतर मोहितचा, मग बाकीच्यांचे.

फायनल आपण जिंकली. मी मंडपाशेजारी बायकांबरोबर संध्याकाळच्या पंगतीची भाजी चिरत होते. मैदानातला आरडाओरडा तिथपर्यंत आला. जिंकल्याचा आनंद झाला नाही असं नाही. पण आता कप भरणार, हे त्याच्या मागोमाग आलंच.

थोड्या वेळाने ऋषी धावत आला. टाकीखाली आंघोळ करून, घरून पांढरा सदरा घालून. मोहितने त्याला सोडताना काय सांगितलं ते त्यानेच मला सांगितलं, "दादा म्हणाला, मी येतो वीणा घ्यायला, मग तू थेट नदीवर जा. तुझ्याशिवाय कप भरायचा नाय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता चप्पल काढून आत गेला.

वीणेसाठी मागे थांबलेल्या आणि आता मोटरसायकलवरून टेम्पो गाठायच्या घाईत असलेल्या शेवटच्या माळकऱ्याने त्याच्या पायाला हात लावला. पिकल्या केसांचा माणूस माझ्या पोराच्या पाया पडला. ऋषी इतका गोंधळला की तो जवळजवळ आडवाच झाला. मग वीणा त्याच्या गळ्यात आली, आणि तो मारुतीसमोर उभा राहून तार छेडत राम कृष्ण हरी म्हणू लागला. टाळ धरायला कोंडाबाई होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, पण ताल चुकत नाही. सप्ताहात दुपारी माणसं पांगली तरी कोंडाबाई खांबाला टेकून टाळ वाजवत असतातच.

ऋषीचा पहारा संपायची वेळ झाली. मोहित आला नाही.

मला खरं तर बरंच वाटलं. जितका वेळ हा इथे उभा तितका वेळ नदीवर नाही. न येवो मेला, मी मनात म्हणत होते आणि भरभर वांगी चिरत होते. पण मोहितही आला नाही आणि मोहितच्या पुढचाही आला नाही, तेव्हा सुरी थांबली. ऋषीने सकाळभर गोलंदाजी केली होती. चैत्राचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं. त्याच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती आणि तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होता.

मग संघातले दोघं आले. तोंडात वेलदोडे, डोळे लाल. एकाने वाकून वीणेला हात घातला.

"आण भावा. जा तू, तुझी वाट बघत्यात."

ऋषीची तार थांबली नाही. नाम कोंडाबाईंनी उचललं. त्याने हळू आवाजात विचारलं, "सकाळपासून काही घेतलंय का?"

तो पोरगा हसला. "ए, तू काय पोलीस हाय का?"

"नाय. पण नाना म्हणालेत, घेतलं असंल तर हात लावायचा नाय. घेतलंय का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. तावातावाने म्हणाला असता तर ती पोरं भांडली असती आणि वीणा ओढून घेऊन मोकळी झाली असती. पण त्याने वाट विचारावी तसं विचारलं. त्या पोराने जोडीदाराकडे बघितलं, मारुतीकडे बघितलं, आणि हात मागे घेतला. दोघंही खाली मान घालून मंडपाबाहेर गेले.

माझ्या हातातलं वांगं तसंच राहिलं. जो स्वतः चोरून ओढून आलाय तो दुसऱ्याला असं विचारू शकत नाही, हे मला एकदम कळलं. पोरं ओढतात, मी बाजूला बसतो, हे अक्षरन् अक्षर खरं होतं. मी त्याच्यावर निम्माच विश्वास ठेवला होता.

ऊन उतरायला लागलं आणि मोहित आला. हातात कप. चांगला हातभर उंचीचा, दोन कानांचा, सोनेरी. मागे चार-पाच पोरं. कप झाकलेला होता, पण वास काही झाकला जात नाही. मंडपाच्या दोरीबाहेर उभा राहून तो म्हणाला, "ऋषी, अरे सगळी थांबल्यात. तुझ्यावाचून आम्ही कपाला तोंड लावलं नाय, माहितीये? शेवटची विकेट कुणी काढली? हा तुझा हाय."

ऋषीने कपाकडे बघितलं. मी आई आहे, मला दिसलं, त्याला तो हवा होता. आतलं काय असेल ते असो, पण तो कप, त्या शिट्ट्या, मोहितदादाचा हात खांद्यावर, हे सगळं त्याला हवं होतं. सोळाव्या वर्षी दुसरं हवं तरी काय असतं? आता मोहित आत येईल, वीणा घेईल, आणि हा जाईल.

मोहितने कप एका पोराच्या हातात दिला, चप्पल काढली आणि आत आला. "दे. माझा पहारा हाय."

"दादा, तू घेतलंय?"

"कपातलं नाय घेतलं. शप्पथ."

"दुसरं?"

या पोराला मोहितने बॉल धरायला शिकवला होता. त्याच्यासमोर खोटं बोलणं सोपं गेलं असतं, कारण ऋषीने ते मानलं असतं. आणि तेच बहुतेक त्याला जड गेलं. "कॅन घेतला एक," तो म्हणाला.

"मग नको, दादा. मी थांबतो."

"आरं पण किती येळ? आमच्यातलं कुणीच नाय राहिलं आता."

"नाना येईपर्यंत."

मोहित तिथेच उभा राहिला. मला वाटलं चिडेल. तो वळला, बाहेर गेला, आणि पोरांना घेऊन निघून गेला. कप कुणाच्या हातात होता ते माझ्या लक्षात राहिलं नाही, कारण मी ऋषीकडे बघत होते. त्याने डोळे मिटले होते आणि त्याचा खालचा ओठ थरथरत होता. जग हातचं गेलं असं त्याला वाटत असणार. तरी तार चालू होती.

बातमी गावभर झाली. ऋषी वीणा कुणाला देईना. कांदा काढून परतणारे लोक तसेच मंडपाकडे वळले. एक जण पुढे झाला, आणि पोराने विचारायच्या आत त्याचा त्यालाच गालातला गुटखा आठवला. दुसरा बिडीवाला. तिसरे आमचे भाऊबंद, सप्ताहाची पावती सगळ्यांत मोठी फाडणारे. ते जेसीबीवाल्या शेठने फायनल जिंकल्याबद्दल मैदानाशेजारी घातलेल्या मांडवातून येत होते, त्यांनी लांबूनच हात जोडले आणि वाटेला लागले. इतकी मोठाली माणसं, मिशांची, फेट्यांची, आणि त्या एका साध्या प्रश्नापुढे एकही उभा राहीना. मला आधी हसू येत होतं. मग हसू थांबलं. गावात कोरडा पुरुष शोधावा लागतो हे मला ठाऊक होतं, पण ते असं रांगेने डोळ्यांसमोरून कधी गेलं नव्हतं.

नानांचा फोन लावला. टेम्पो आळेफाट्याच्या चौकात कोंडीत अडकला होता. "आलोच, पोराला दम धरायला सांगा," म्हणाले.

ऋषीचे पाय आता कापत होते. माझ्याने बघवेना. आमच्या गावात बायका काकड्याला टाळ धरतात, शेकडो माणसांचा स्वयंपाक करतात, पण वीणा त्यांच्या गळ्यात पडत नाही. का, विचारलं की नाना म्हणतात, चालत आलंय. मी हात धुतले, पदर खोचला आणि सगळ्यांदेखत आत गेले. बायका बघत राहिल्या. म्हटलं, "दे इकडं. मी काही घेतलेलं नाही, आणि काय चालत आलंय ते मी नानांशी बघून घेते."

ऋषीने डोळे उघडले. घामाने चेहरा नुसता निथळत होता. तो हसला. "माहितीये, तू घेतलेलं नाय," म्हणाला. "पण आई, मला जमतंय. अगदीच नाय जमलं तर तुलाच देईन."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला सुटायची वाट मिळाली होती, आणि ती त्याने स्वतःहून बाजूला ठेवली होती. कुणी बांधून ठेवलं म्हणून तो उभा नव्हता. मी त्याला इथेतिथे अडकवत फिरले, आणि हा आपल्या आपण उभा राहिला होता. एवढा मोठा हा कधी झाला? मी मागे सरून खांबाशी उभी राहिले आणि मला रडू आलं.

तेवढ्यात त्याचे पप्पा आले.

शेठच्या मांडवातूनच येत होते. तोंडात बडीशेप, केस पाणी लावून बसवलेले. लोकांतून वाट काढत तावातावाने आत शिरले. "काय चाललंय हे? पोरगं पडंल की! आण, आण इकडं." आणि दोन्ही हात पुढे केले.

कोंडाबाईंचे टाळ तेवढे वाजत होते.

ऋषीने सगळ्यांना विचारलं होतं. पण बापाला विचारायला त्याचं तोंड उघडेना. "पप्पा..." एवढंच म्हणाला. मला वाटलं, आता हा वीणा देणार. बापाला चारचौघांत उघडं पाडायचं की नियम मोडायचा, सोळा वर्षांच्या पोराने काय निवडावं? त्याने वीणेच्या पट्ट्याला हातही घातला.

दादाभाऊंनी पोराच्या डोळ्यांत बघितलं. त्यांचे पुढे केलेले हात हळूहळू खाली आले.

"थांब," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानेच, लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्या घेतलीय रं. एकच घेतली, पण घेतलीय."

कुणी हसलं नाही. हा माणूस माझ्यासमोरही कधी सरळ घेतली म्हणाला नव्हता. चारचौघांत बसलो होतो, एवढंच म्हणायचा. ते मागे सरत दोरीपर्यंत गेले, दोरीच्या बाहेर झाले, आणि तिथे पोराच्या समोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पोरगं उभं आहे तोवर मी पण उभा, असं काही त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण ऋषीला ते समजलं. तो जरा ताठ झाला. त्याचा आवाज बसला होता, तो पुन्हा थोडा मोकळा झाला. हळूहळू बिडीवाले, गुटखेवाले, ज्यांना वीणेला हात लावता येत नव्हता ते सगळे दोरीबाहेर उभे राहिले आणि बाहेरूनच नाम घेऊ लागले. मी या गावात लग्न होऊन आले तेव्हापासून सप्ताह बघतेय. पण त्या संध्याकाळी नाम जसं घुमलं तसं मी कधी ऐकलं नव्हतं. इतक्या लोकांच्या गळ्यातून लाज आणि भक्ती एकदमच बाहेर पडत होती.

दिवेलागणीला टेम्पो आला. नाना उतरले ते थेट मंडपात. पोराची अवस्था बघून त्यांनी हात पुढे केले. "शाब्बास माझ्या वाघा. आण."

ऋषी त्यांच्याकडे बघत होता. त्यांच्या गालाकडे. गाल फुगलेला होता.

"नाना," तो म्हणाला. आवाज पार गेला होता, नुसता वारा बाहेर पडत होता. "तुम्ही घेतलंय का काही?"

भगवंतनानांना असं विचारणारा गावात अजून जन्मायचा होता. नानांच्या कपाळाची शीर तट्ट झाली. मी पुढे व्हायला निघाले, पोराच्या वतीने माफी मागायला.

नानांनी हात वर करून मला थांबवलं. ते तसेच बाहेर गेले, गटारीपाशी वाकून थुंकले, आणि टाकीच्या तोटीखाली ओंजळी भरभरून चुळा भरत राहिले. मग कनवटीची तंबाखूची चंची काढली आणि दोरीबाहेर उभ्या असलेल्या दादाभाऊंच्या हातात दिली. परत आले, पण हात पुढे केले नाहीत.

"म्या बी घेतलीय," ते म्हणाले. "नेम माझाच हाय, आन् तो मला बी हाय." मग टेम्पोतून उतरणाऱ्या माळकऱ्यांकडे वळून मोठ्याने विचारलं, "ज्यानं आज काय बी तोंडात घातलं नसंल त्यानं म्होरं यावं."

माळकऱ्यांतही चुळबुळ झाली. मग मागून झुंबरबाई आल्या, नानांच्याच घरच्या, काल्याच्या कीर्तनाला गेलेल्या. नानांनी बायकोकडे बघितलं. एकदा माझ्याकडेही बघितलं. मी आत जाऊन उभी राहिल्याचं त्यांच्या कानावर गेलंच असणार. मग ते बाजूला झाले. झुंबरबाई ऋषीच्या पाया पडल्या, ऋषी त्यांच्या पाया पडताना गुडघ्यांवर आला तो उठेचना, आणि त्यांनी तशीच वीणा अलगद आपल्या गळ्यात घेतली. तार क्षणभरही थांबली नाही.

मी आणि त्याच्या पप्पांनी त्याला दोन्हीकडून धरून बाहेर आणलं. वीणा गेली तरी त्याचा डावा हात तसाच वाकलेला होता, आणि बोटं हवेत तार छेडत होती. ती मी माझ्या मुठीत धरली.

"पाणी," तो म्हणाला.

कुणीतरी गर्दीतून पुढे झालं. मोहित होता. केस ओले, अंगात धुतलेला सदरा. संघातली पोरं त्याच्या मागे. त्याच्या हातात तो कप होता, दोन्ही कान धरलेला, काठोकाठ भरलेला.

मी आडवी झाले. कपावर वाकले आणि वास घेतला. वासच नव्हता. पाणी होतं. मी तरी पुन्हा घेतला. मोहित मान खाली घालून उभा होता. म्हणाला, "काकी, राखेनं घासलाय. तीनदा. नदीवरच्या." त्याच्या बोटांना अजून पांढरी राख होती.

मी बाजूला झाले. मोहितने कप ऋषीच्या तोंडाला लावला. तो प्यायला, सांडत, गळ्यावरून सदऱ्यावर ओघळवत, डोळे मिटून. आणि आतला नाद तसाच चालू असताना संघातल्या एका पोराने, मग सगळ्यांनी, जोरात शिट्ट्या मारल्या.